फुटलेल्या रेणूंची मोजदाद

वेगवान इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूवर आदळला, की रेणूतील एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि मागे धनभारित आयन उरतो. या क्रियेस आयनीभवन म्हणतात. नायट्रोजनाच्या रेणूचे आयनीभवन होण्यास किमान सुमारे 15.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, तर सुमारे 24.3 इलेक्ट्रॉनव्होल्टपासून तो रेणू फुटून एक आयन व एक उदासीन अणू असे दोन तुकडे होऊ शकतात.

अशी घटना घडण्याची संभाव्यता ‘काटछेद’ या राशीने, म्हणजे रेणू जणू तेवढ्या क्षेत्रफळाचे लक्ष्य आहे असे मानून, व्यक्त करतात. मंद इलेक्ट्रॉनाजवळ पुरेशी ऊर्जा नसते आणि अतिवेगवान इलेक्ट्रॉन रेणूजवळ फार थोडा काळ असतो, म्हणून काटछेद मधल्या ऊर्जेला महत्तम होतो. नायट्रोजनाच्या बाबतीत ही ऊर्जा सुमारे 100 इलेक्ट्रॉनव्होल्ट असून तेथे एकूण काटछेद सुमारे 2.5 × 10⁻¹⁶ चौ. सेंमी. असतो.

रॅप आणि इंग्लंडर-गोल्डन यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत वायूतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून निर्माण झालेले सर्व आयन पट्ट्यांवर गोळा केले होते. वायूची घनता व झोताचा मार्ग ठाऊक असल्याने आयनप्रवाह आणि इलेक्ट्रॉनप्रवाह यांच्या गुणोत्तरावरून एकूण काटछेद मिळतो. मात्र त्यात अखंड आयन किती आणि तुकडे किती, हे कळत नाही. द्रव्यमान वर्णपटमापक ही विभागणी दाखवतो, परंतु फुटताना तुकड्यांना कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जा मिळत असल्याने त्यांपैकी बरेच अरुंद फटीबाहेर जातात. अखंड आयन मात्र संथ असल्याने जवळजवळ सर्व पकडले जातात, त्यामुळे तुकड्यांचे प्रमाण खऱ्याहून कमी भासते.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या गटाने 1990 च्या दशकात यावर उपाय केला. तेथे इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक स्पंदानंतर विद्युत् क्षेत्र लावून आयन ढकलले जात. उड्डाणाच्या काळावरून त्यांचे वस्तुमान व भार यांचे गुणोत्तर कळे, आणि आयन नेमका कोठे आदळला हे नोंदवणाऱ्या शोधकावर वेगवान तुकड्यांचा पसारा पूर्णपणे मावतो की नाही, हे तपासता येई. तरीही दोन इलेक्ट्रॉन गमावलेला अखंड नायट्रोजन रेणू आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेला नायट्रोजन अणू यांचे हे गुणोत्तर सारखेच, म्हणजे 14 असल्याने, केवळ उड्डाणकाळावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत.

ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी वातावरणात कोणते आयन किती निर्माण होतात, याची गणिते याच विभागणीवर उभी असतात. म्हणून एकूण आकडा बिनचूक असूनही तुकड्यांची गणना चुकली, तर पुढील रासायनिक अभिक्रियांचे अनुमानही चुकते.