पागोळीचे पाणी कुठे जाते?

'जागतिक नागरिकत्व' हे शब्द कानावर पडले, की प्राथमिक शाळेतले गुरुजी मनाशी म्हणतात, "अहो, इथं मुलांची बेरीज-वजाबाकी पुरी करता करता वर्ष सरतं, त्यात हे जगाचं ओझं कशाला?" तक्रार वाजवी आहे. पण हा काही नवा विषय नाही. महाड-पोलादपूरच्या शाळांच्या दारातूनच तो वाहतो आहे.

पाऊस लागला की चौथीच्या वर्गाला एवढेच विचारावे : "पागोळीचं पाणी कुठं जातं रे?" अंगणातून पऱ्यात, पऱ्यातून सावित्रीत. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. त्याच पठारावरची कृष्णा मात्र पूर्वेला वळून बंगालच्या उपसागरात जाते. मग पुढचा प्रश्न : "आणि पाऊस येतो कुठून?" विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून येणारे वारे तो आणतात. हवा तापली की ती अधिक बाष्प धरते, आणि मग मुसळधार सरी अधिक जोराने कोसळू शकतात. कुठल्या देशाचे धुराडे आणि कुठल्या वाडीचे छप्पर! पण नाते आहे, आणि ते मुलाला कळते.

हे कळण्याची निकड किती आहे, ते २२ जुलै २०२१ रोजी दिसले. महाड शहर पुरात बुडाले. महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हा दरड हा धडा परीक्षेपुरता ठेवून कसे चालेल? उतारावरची माती पाणी पिऊन जड होते, तिची पकड सुटते. झाडे तुटली, डोंगर खणला, की धोका वाढतो. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या खुणा मुलांना पाठ हव्यात. शाळेत सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्यावर ठेवावा. रोज ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजावे, आकडा फळ्यावर लिहावा आणि डबा रिता करावा. गणितही झाले, भूगोलही झाला. खूण दिसली तर मुलाने घरी सांगावे, आणि मोठ्यांनी "गप बस" न म्हणता सरपंचांना, तलाठ्यांना कळवून आधी सुरक्षित जागी जावे.

आता नागरिकत्व. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा हक्काला अर्थ आला. पाणी सर्वांचे, हा धडा महाडने असा शिकवला आहे. सर्वांचे म्हटले की खालच्या गावाचेही आले आणि उद्याच्या मुलांचेही. पाणी घाण न करणे हे त्याच हक्काचे दुसरे अंग.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंतची १७ उद्दिष्टे ठरवली. त्यांतील चौथे शिक्षणाचे. शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्व यांचे शिक्षण त्यात सांगितले आहे. तोही एक ठरावच. तो कागदावरून उतरायचा तर आपल्या परिसर अभ्यासाच्या तासाला उतरेल. गुरुजी, बाई, त्यासाठी वेगळे पुस्तक नको. एक डबा, एक पट्टी, आणि दाराशी वाहणारे पाणी पुरे आहे.