एक विहीर, एक थेंब आणि सूर्याकडे निघालेली मालगाडी

खांबावरून घरात शिरणारी ती बारीक काळी वायर आधी नीट बघून घ्या. ब्रह्मपुरीच्या गल्ल्यांतून ती आता सर्रास दिसते. वर प्लास्टिक, आत आधाराच्या तारा आणि त्यांच्या मधोमध काचेचा एक धागा. या धाग्याच्या ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो त्याची जाडी किती? ९ मायक्रॉन! आपल्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे सात गाभे शेजारी शेजारी मावतील आणि वर थोडी जागा उरेल. एवढ्याशा गाभ्यातून प्रकाश पळतो सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेनं १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन १९३० सालापासून तिथं धावते आहे, रोज एक फेरी: सकाळी पुण्याहून निघायचं, संध्याकाळी परत यायचं. आपल्या वायरीतला प्रकाश तसल्या ५२० फेऱ्या मारतो. दिवसाला नव्हे, सेकंदाला! डेक्कन क्वीनला तेवढ्या फेऱ्यांना सतरा महिने लागतील.

ही वायर देशभर किती पसरली असेल? नुसत्या ग्रामपंचायती जोडण्यासाठी केंद्र सरकारनं २०११ मध्ये जी योजना मंजूर केली, जिला आज भारतनेट म्हणतात, तिच्यातच साडेसहा लाख किलोमीटरहून जास्त फायबर पडलं आहे. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. चंद्राला जाऊन टेकायचं आणि परतीची निम्मी वाट ओलांडून पुढं यायचं, एवढी ही वायर! जंगलातून, धानाच्या बांध्यांच्या कडेनं, नदी-नाल्यांच्या पुलांवरून.

आता घरात येऊ. घरचं नेटवर्क जोडणं हे घाबरण्यासारखं काम अजिबात नाही. बाहेरची वायर राउटरमध्ये जाते, राउटरपासून पुढं टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर आणि घरातले फोन, कोणी केबलनं तर कोणी वायफायनं. तासाभरात होतं. फायबरच्या उघड्या टोकात तेवढं डोकावू नका, तिथला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण असतो.

राउटर कुठं ठेवायचा? ब्रह्मपुरीत हा प्रश्न फार महत्त्वाचा. इथं मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना भिडतो आणि घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. टिनाच्या छपराखाली, पश्चिमेच्या खिडकीत तो ठेवलात तर बिचारा भाजून निघेल. घराच्या मधल्या खोलीत, छातीच्या उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवा. वीज खातो किती? १२ वॅट धरू. आणि आपल्या जिल्ह्यातलं चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आहे २,९२० मेगावॅटचं. भागून बघा. २४ कोटी ३३ लाख राउटर! २०११च्या जनगणनेत अख्ख्या देशात कुटुंबं होती साडेचोवीस कोटींच्या घरात. म्हणजे त्या केंद्राच्या धुराड्यांखाली तयार होणाऱ्या विजेवर देशातल्या जवळपास प्रत्येक घरातला राउटर रात्रंदिवस चालेल. एकट्या चंद्रपूरच्या जोरावर!

टीव्ही आणि कॉम्प्युटर एका जागी बसलेले असतात, त्यांना केबल द्या. दुकानदार पोरगा केबलचं टोक सोलतो तेव्हा जवळ उभं राहून पाहा. आतून आठ तारा निघतात, दोन-दोनच्या चार पिळांत. तो पीळ सोडतो, बोटानं तारा सरळ करतो आणि एका ओळीत लावतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं एकसारखी कापतो, पारदर्शक कनेक्टरमध्ये सरकवतो, उजेडाकडे धरून आठही पार पोचल्या का बघतो आणि क्रिम्पिंगचा चिमटा दाबतो. कट्! झालं. या आठ तारांतून आता सेकंदाला १०० कोटी बिट जाणार. निळीच्या किंवा तपकिरीच्या जोडीतली एक जरी तार अर्धवट बसली, तरी केबल चालते, पण शंभर कोटींवरून दहा कोटींवर येते. एका तारेनं नव्वद कोटींचा फटका, दर सेकंदाला! म्हणून त्या पोराला घाई करू नका.

शंभर कोटी बिट म्हणजे नेमके किती? ज्ञानेश्वरी घ्या. नऊ हजारांवर ओव्या. एका ओवीत अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या मिळून शंभरेक खुणा धरल्या आणि देवनागरीची प्रत्येक खूण कॉम्प्युटरमध्ये तीन बाइट घेते, तर पूर्ण ग्रंथ भरतो सत्तावीस लाख बाइटांचा. त्या केबलमधून ज्ञानेश्वरीच्या किती प्रती जातील? एका सेकंदात ४६! पहिल्या ओवीपासून पसायदानापर्यंत, शेहेचाळीस वेळा, तुम्ही "हं" म्हणेपर्यंत.

बरं, ही माहिती सलग धारेनं जात नाही. तिचे डबे पाडतात आणि एका डब्यात साधारण १,५०० बाइट मावतात. झाडीपट्टीच्या एखाद्या रात्रभराच्या नाटकाचं रेकॉर्डिंग आहे समजा, १ जीबीचं. त्याचे डबे होतात ६ लाख ६७ हजार. आता खरोखरचे डबे डोळ्यांपुढं आणा, कोळशाच्या मालगाडीचे, एकेक पावणेअकरा मीटर लांब. अशा ५८ डब्यांची एक गाडी. साडेअकरा हजार गाड्या लागल्या! सगळ्या एकामागं एक जोडल्या तर लांबी सात हजार किलोमीटरच्या वर. मुंबई-पुणे सदतीस वेळा! नागभीड-वडसा लाईनवरच्या एखाद्या फाटकात तुम्ही मोटरसायकल बंद करून उभे आहात आणि ही गाडी ताशी ६० किलोमीटरनं समोरून जाते आहे. किती वेळ थांबाल? पाच दिवस. पाच दिवस आणि पाच रात्री डबेच डबे! आणि घरातल्या साध्या, १०० एमबीपीएसच्या जोडणीवर हीच गाडी निघून जाते ८० सेकंदांत.

हा वेग नेहमीचा वाटतो का? मग १९९५ आठवा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट मिळाले तरी चंगळ. त्या वेगानं हे नाटक उतरवायला साडेनऊ दिवस लागले असते, तेही लाईन एकदाही तुटली नाही तर. गणपती बसल्या दिवशी सुरू केलं असतं तर नाटक पाहायला मिळालं असतं विसर्जनाच्या तोंडावर. आज एक आरती पुरी होण्याच्या आत उतरतं.

आता वायफाय. इथं मात्र मी दरवेळी थक्क होतो. राउटरच्या अँटेनातून निघणारी लाट सेकंदाला २४० कोटी वेळा वर-खाली होते. तुम्ही सेकंदाला एकदा हात हलवायला घेतलात, जेवण नाही, झोप नाही, तर २४० कोटींचा आकडा गाठायला किती काळ लागेल? ७६ वर्षं! आजोबांच्या जन्माच्या टाहोपासून ते नातवाच्या लग्नापर्यंतचे सगळे सेकंद, तेवढे हेलकावे राउटर एका सेकंदात घेतो. पुढच्या सेकंदात पुन्हा तेवढेच. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा निवडलात तर दुपटीहून जास्त, फक्त ती लाट भिंतींना लवकर थकते. दूरच्या खोलीसाठी पहिला पट्टा, राउटरजवळ बसून मोठी कामं करायला दुसरा.

ती लाट तुमच्या फोनपर्यंत पोचते किती? आपल्याकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती हातभर जाड. मागच्या खोलीत जाऊन फोनवर सिग्नल मोजायचं ॲप उघडा, उणे ७० च्या आसपास आकडा दिसेल. त्याचा अर्थ सांगतो. राउटरनं जेवढी शक्ती हवेत सोडली तिचा शंभर कोटीवा भाग फोनच्या वाट्याला आला. शंभर कोटी रुपये वाटायला काढले आणि हातात पडला एक रुपया! पैशात पटत नसेल तर पाण्यात बघा. चार मीटर रुंदीची विहीर, आत चार मीटर पाणी. पन्नास हजार लिटर. एका मिलिलिटरला वीस थेंब धरले तर त्या विहिरीत भरतात बरोबर शंभर कोटी थेंब. राउटर अख्खी विहीर उपसतो, फोनला मिळतो एक थेंब, आणि त्या एका थेंबात फोन नाटकातला नायक, नायिका, खलनायक, हार्मोनियम, तबला सगळं दाखवतो, ऐकवतो, न अडखळता! आता राउटर दहा-पंधरा फूट सरकवा, मधली एक भिंत चुकवा. आकडा उणे ५० झाला तर एका थेंबाचे शंभर थेंब झाले. खिळा-हातोडीचं पाच मिनिटांचं काम आणि फायदा शंभर पट.

पासवर्डकडे लोक काणाडोळा करतात, आणि मला ते पाहवत नाही. पुष्कळ घरांत वायफायचा पासवर्ड म्हणजे घरमालकाचा मोबाइल नंबर. आकडे दहा, सुरुवात ६ ते ९ नं, म्हणजे शक्यता ४०० कोटी. ऐकायला केवढं! पण एखादं तगडं यंत्र सेकंदाला दहा लाख पासवर्ड ताडून पाहतं, तेही प्रत्येक पासवर्ड ४,०९६ वेळा घुसळून. त्याला चारशे कोटी संपवायला लागतात ६७ मिनिटं. दुपारची एक डुलकी! आता बारा अक्षरी पासवर्ड करा, इंग्रजी छोटी-मोठी अक्षरं आणि आकडे कसेही मिसळून. त्याच यंत्राला सगळ्या शक्यता चाळायला लागतील १० कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हातून झाला तो उसळला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीच नव्हता, डायनासोर हिंडत होते. थांबा, अजून एक अक्षर वाढवा. फक्त एक. तेरा. आता लागतील ६३४ कोटी वर्षं! पृथ्वीचं वय ४५४ कोटी. पृथ्वी जन्मली त्या क्षणी कोणी तुमचा पासवर्ड शोधायला बसलं असतं, तर आज ते पाऊण वाटेपाशीही पोचलं नसतं. एका अक्षरासाठी आळस करू नका हो!

राहिले पत्ते. राउटर घरातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर देतो, १९२.१६८.१ नंतर १ ते २५४ पर्यंत. चौघांच्या घराला २५४ जागा! हाच नंबर नागपुरातल्या घरात आहे, पुण्यातही आहे, न्यू जर्सीतल्या मराठी घरातही आहे, कारण हे पत्ते घरापुरतेच चालतात, फेब्रुवारी १९९६ मध्ये तसं ठरलं. असं का करावं लागलं? कारण १९८१ साली आखलेल्या जुन्या पद्धतीत जगभराचे मिळून पत्ते होते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. माणसं आज आठशे कोटींवर. माणशी एकसुद्धा नाही! ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती कोठारातला शेवटचा गठ्ठाही वाटून संपला.

यावर उपाय म्हणजे नवी पद्धत, आयपीव्ही६. राउटरच्या सेटिंगमध्ये ती चालू आहे का तेवढं बघा. ती चालू असेल तर तुमच्या घराला पत्त्यांचा एक गठ्ठा मिळतो, सर्वांत लहान गठ्ठा. त्यात पत्ते किती? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. वाचता येत नाही ना? १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट माहीत आहे? पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत, आणि राजाची कोठारं रिकामी झाली. त्या सगळ्या दाण्यांची बेरीज आणि तुमच्या घराच्या पत्त्यांची संख्या यांत फरक फक्त एकाचा. राजाला जे देता आलं नाही त्याहून एक जास्त!

आपण धानाच्या मुलखातले, तर दाणे धानाचेच घेऊ. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडला दादाजी खोब्रागडे यांनी एकेक लोंबी निवडून एचएमटीचं वाण घडवलं, त्या मुलखात दाण्याची किंमत सांगावी लागत नाही. एका पत्त्याला एक दाणा. हजार दाण्यांचं वजन वीस ग्रॅम धरलं तर ढीग होतो ३६ हजार ९०० कोटी टनांचा. सगळं जग वर्षाला सुमारे ८० कोटी टन धान पिकवतं. म्हणजे साऱ्या पृथ्वीवरचं साडेचारशे वर्षांहून जास्त पीक! चला, भरा मालगाडीत. डबा मघाचाच, साठ टन एका डब्यात. डबे लागले ६१५ कोटी. गाडीची लांबी साडेसहा कोटी किलोमीटर, सूर्याच्या वाटेवर निम्म्याला थोडीच कमी! फाटक पडलं, गाडी ताशी ६० नं निघाली. शेवटचा डबा जायला सव्वाशे वर्षं. पणतूनं पाहावा असा तो डबा.

आणि एवढे पत्ते तुमच्या एकट्या घराचे. शेजारच्या घराला वेगळा गठ्ठा, तेवढ्याच पत्त्यांचा. समोरच्या घराला आणखी वेगळा. असे गठ्ठे या पद्धतीत आहेत तरी किती? तेही १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी!