गाणं साडेतीन मिनिटांचं, तयारी महिन्याची

मास मीडियाच्या प्रोजेक्टसाठी किंवा कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी म्युझिक व्हिडिओ करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत एक यादी निघते. माहुलीचा कडा, भातसाचं पाणी, वासिंदकडून येणारी लोकल, धुकं आणि ड्रोन. आसनगाव-शहापूरच्या मुलांना ती सुचणारच. मुंबईचे ट्रेकर ज्यासाठी पहाटेची कसारा लोकल पकडतात, ते यांच्या दारात आहे. पण ही झाली लोकेशनची यादी. व्हिडिओ कशावर आहे हे तिच्यात कुठेच नसतं, आणि प्रपोजल ऐकणारे सर-मॅडम पहिला प्रश्न नेमका तोच विचारतात.

म्हणून सुरुवात गाण्यापासून करायची, आणि गाण्याच्याही आधी ते कोणाचं आहे इथून. एका गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे १९७५ साली निघालेलं कोळीगीत, घरातल्या कॅसेटवर कितीही झिजलेलं असलं तरी, २०३५च्या अखेरीपर्यंत कंपनीच्या मालकीचं. ‘कॉलेजसाठीच तर करतोय’ हे उत्तर निम्मंच खरं आहे. विद्यार्थी-शिक्षकांनी संस्थेत विद्यार्थी, पालक आणि कर्मचाऱ्यांसमोर गाणं सादर करण्याला कायद्यात सूट आहे. तेच गाणं लावलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ती सूट संपते. यूट्यूबची यंत्रणा गाण्याचा ठसा आपोआप ओळखते. मग एकतर व्हिडिओ अडतो, नाहीतर त्यावरच्या जाहिरातींचे पैसे हक्कदाराकडे जातात.

यावर दोन सरळ वाटा आहेत. गटात कोणी लिहिणारा, कोणी चाल लावणारा असेल तर स्वतःचं गाणं. नाहीतर परंपरेतलं गाणं, पण नव्याने गाऊन घेतलेलं. दुसरी वाट या भागात फार श्रीमंत आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण गाते, वारल्यांच्या लग्नात धवलेरी. शब्द पिढीजात असले तरी तिच्या गाण्यावर कलाकार म्हणून तिचा कायदेशीर हक्क आहे. संमतीपत्र मराठीत लिहा, तिला वाचून दाखवा, घरच्या कोणासमोर सही किंवा अंगठा घ्या, आणि बजेटमध्ये ‘मानधन’ नावाची वेगळी ओळ ठेवा. चहापाण्याच्या खर्चात ते कोंबू नका.

आता एक उदाहरण धरून चालू. समजा, गटाने हळदीचं गाणं ठरवलं. गोष्ट एका ओळीत अशी: मांडवात बसून हळदीचं गाणं म्हणणारी आजी आणि बाहेर डीजेवर नाचणारी नात, शेवटच्या कडव्यात वीज जाते, डीजे थांबतो, आणि उरलेलं गाणं आजी पुरं करते. या ओळीत माणसं आहेत, त्यांच्यातला ताण आहे आणि शेवट आहे. शिवाय वीज जाणं ग्रामीण भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माहुलीही इथे कामाला येते, कारण तिच्या सुळक्यांना लोक नवरा, नवरी आणि भटोबाच म्हणतात. लग्नाच्या गाण्यामागे तो डोंगर उभा राहिला तर त्याला कारण असतं. प्रेमगीतात तो नुसता वॉलपेपर होतो.

ओळ ठरली की घड्याळ काढा. या कामात मुलं सर्वांत जास्त कंटाळतात आणि पुढचं सगळं यावरच उभं असतं. गाणं साडेतीन मिनिटांचं, म्हणजे २१० सेकंदांचं. लय मिनिटाला १०० ठोक्यांची असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, आणि आठ मात्रांचा केहरवा, दर ठोक्याला एक मात्रा धरली तर, ४.८ सेकंदांत एकदा फिरतो. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा होतो. मोबाइलवर टॅप करून लय मोजणारी ॲप फुकट मिळतात. वहीचं पान आडवं धरून त्यावर इंट्रो, मुखडा, मधला म्युझिक पीस, पहिला अंतरा असे तुकडे पाडा, प्रत्येकाखाली सेकंद लिहा आणि त्या सेकंदांत काय दिसतं ते लिहा. शॉट सरासरी तीन सेकंदांचा धरला तर ७० शॉट लागतील. आकडा बघून घाबरायचं कारण नाही, ते ७० वेगवेगळे सेटअप नसतात. आजीचं गाणं मांडवात तीनदा सलग घेतलं, एकदा लांबून, एकदा मध्यम अंतरावरून, एकदा चेहऱ्याजवळून, तर निम्मा व्हिडिओ तिथेच जमा होतो. नवख्या गटाने दिवसाला वीस-पंचवीस सेटअपच्या वरचा बेत करू नये, असं माझं मत आहे. जेवणानंतर सगळे ढेपाळतात हा हिशोब कोणी कागदावर मांडत नाही.

शूटिंगला गाणं कसं चालतं तेही समजून घ्या. बोलपटाच्या सुरुवातीला नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गात असत. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतःच गायले. त्या काळात वादकांना चौकटीबाहेर कुठेतरी आडोशाला बसवावं लागे. १९३५ साली न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये गाणं आधी मुद्रित करून पडद्यावर नुसते ओठ हलवायची पद्धत आणली आणि कॅमेरा मोकळा झाला. तुम्हीही तेच करणार आहात: पक्कं गाणं स्पीकरवर लावायचं आणि गाणाऱ्याने त्याबरोबर ओठ हलवायचे. त्यामुळे मालगाडीचा भोंगा, महामार्गावरचे ट्रक, शेजारची गिरणी, कशाचीच अडचण होत नाही. आवाजाची झंझट नसल्यामुळेच नवख्यांना शॉर्टफिल्मपेक्षा म्युझिक व्हिडिओ सोपा जातो.

मात्र दोन जागी हमखास फसगत होते. पहिली अंतराची. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आजी खळ्याच्या त्या टोकाला, स्पीकर तिच्या पायाशी आणि कॅमेरा ६८ मीटरवर असेल, तर कॅमेऱ्यात गाणं ०.२ सेकंद उशिरा पोहोचतं. ओठ आणि आवाज यांत पाच फ्रेमची फट पडते, आणि दोन-तीन फ्रेमच्या वर गेलेली फट बघणाऱ्याला जाणवते. स्पीकर गाणाऱ्याजवळच लपवा आणि लांबच्या शॉटमध्ये ही फट एडिटला भरून काढा. प्रत्येक टेकआधी चार ‘टिक’ वाजतील असा ट्रॅक करून घेतला आणि कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवला, तर जवळचे टेक एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःच जुळवून देतं.

दुसरी स्लो मोशनची. नात संथ नाचते आहे पण ओठ गाण्यावर पक्के आहेत, असा शॉट सगळ्यांना हवा असतो. नेहमीच्या वेगाने घेऊन एडिटला हळू केला तर ओठ मागे पडतात. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, म्हणजे १००चं २००, तिने त्या वेगाने ओठ हलवायचे, कॅमेरा ५० फ्रेमवर ठेवायचा आणि ते २५च्या टाइमलाइनवर टाकायचं. पहिल्यांदा सगळा गट खो खो हसतो, कारण स्पीकरमधून आजीचा आवाज चिमणीसारखा येतो. हसून होऊ द्या. आणि मांडवात ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या माळा असतील तर शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दुसऱ्या आकड्यावर चित्र लपलपतं.

प्रपोजलमध्ये सर्वांत जास्त खोटं कॅलेंडरच्या बाबतीत असतं. मूडबोर्डवर हिरवीगार खाचरं चिकटवलेली आणि शूटिंगची तारीख फेब्रुवारीची. शहापूर-मुरबाडचं भात जुलैत लागतं, ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवं असतं, दिवाळीच्या आसपास कापलं जातं. त्यानंतर खाचरात पेंढा आणि धसकटं, आणि उन्हाळ्यात राब भाजल्याचा काळा रंग. हळदीच्या गाण्याला मात्र हिवाळा सोयीचा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पण पौषात लग्नं नसतात. म्हणजे पौषात मांडववाल्याकडचे खांब, झालरी, खुर्च्या रिकाम्या पडून असतात. त्याला व्हिडिओच्या शेवटी नाव देतो म्हटलं तर तो भाड्यात सवलत देण्याची शक्यता लगीनसराईपेक्षा कितीतरी जास्त. त्याच पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसाची जत्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकानं बघून हात शिवशिवतात, पण त्या गर्दीत प्लेबॅक लावून लिपसिंक होत नाही. जत्रेचे दोन-चार तुकडे गुपचूप टिपा आणि बाहेर पडा.

उजेडाची रेकी एकदा सकाळी आणि एकदा दुपारी करा. माहुलीचा पायथा किल्ल्याच्या पूर्व अंगाला येतो. सकाळी कड्यांवर समोरून ऊन पडतं, दुपार कलली की सूर्य डोंगराआड जातो आणि पायथ्याला लवकर सावली उतरते. ‘संध्याकाळच्या सोनेरी उन्हात सुळके’ हा शॉट गावातून मिळणार नाही. तो सकाळी लवकर घ्यायचा, म्हणजे गाडी, मेकअप आणि नाश्ता त्याच्या आधी.

परवानग्यांचं नाव काढलं की मुलं कुजबुजतात, ‘कोण बघतंय सर?’ बघतात. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला मध्य रेल्वेची परवानगी लागते. तिची चौकशी जनसंपर्क विभागात करावी. स्टेशनपुढे रुळांवर उतरून शॉट घेणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रीलपायी जीव गेलेल्यांच्या बातम्या वेगळ्याच. लोकल हवीच असेल तर रस्त्याच्या पुलावरून, लांबून घ्या. माहुलीचं जंगल तानसा अभयारण्यात येतं, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय स्पीकर लावू नका, ड्रोन तर नाहीच. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही हे खरं, पण म्हणून तो कुठेही उडवता येत नाही. धरणांचं तर आणखी किचकट: तानसा मुंबई महापालिकेचं, भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचं, म्हणजे दोन वेगळ्या दारांत अर्ज. विद्यार्थ्यांच्या व्हिडिओने धरणांचा नाद सोडावा हे बरं. खळं, मांडव, शाळेचं मैदान, गावातली गल्ली यांना ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र आणि जागामालकाची लेखी परवानगी पुरते. सरपंचांना भेटायला कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन जा, आणि गावातलाच एखादा विद्यार्थी बरोबर असू द्या.

एवढं झाल्यावर प्रपोजल लिहायला तास-दीड तास पुरतो, कारण सगळं हातात असतं. पहिल्या पानावर ती एक ओळ, गाण्याचं नाव, लांबी आणि हक्क कोणाचा. दुसऱ्यावर वहीतला तुकड्यांचा तक्ता. तिसऱ्यावर रेकीचे फोटो: तुम्ही काढलेले, महिना आणि वेळ लिहिलेले, नेटवरून उचललेले नव्हेत. चौथ्यावर दिवस, माणसं, पैसे. बजेटमध्ये कॅमेऱ्याच्या भाड्याआधी जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च लिहिलेला असला की समोरचा ओळखतो, ही मुलं जमिनीवर आहेत. पाऊस आला, आजी आजारी पडली, लाइट खरोखरच गेली तर काय, याचीही दोन वाक्यं असावीत.

सांगताना बोलणं कमी ठेवा. आधी अर्धा मिनिट गाणं ऐकवा, अगदी मोबाइलवर घेतलेलं कच्चं असलं तरी. मग ती ओळ सांगा आणि थांबा. आपल्याकडे पिच करताना मुलं ‘आम्ही काहीतरी वेगळं करणार आहोत’ इथून सुरू करतात आणि कॅमेऱ्याच्या मॉडेलवर येऊन संपवतात. ऐकणाऱ्याला त्या दोन्हींशी कर्तव्य नसतं. मुलं हे ठरल्या तारखेला पूर्ण करतील का आणि कॉलेजच्या नावाने कोणाची तक्रार तर येणार नाही ना, एवढंच त्याच्या मनात असतं. त्याने शंका काढली तर वाद घालू नका, लिहून घ्या. ‘दोन दिवस कशाला, एका दिवसात करा’ असं कोणी म्हटलं तर तक्ता उघडा आणि कोणते शॉट कापू तेवढं विचारा. बहुतेक वेळा दुसरा दिवस मंजूर होतो.

मंजुरीचं पत्र, धवलारणीचं संमतीपत्र, पंचायतीचं ना हरकत पत्र आणि जागामालकांच्या सह्या यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ कागद विभागाच्या कपाटात द्या. गट पदवी घेऊन पांगतो, व्हिडिओ नेटवर राहतो. दोन वर्षांनी कोणी दावा लावला की तेच कागद शोधावे लागतात.