रेंजला शिव्या घातल्या, पण त्या दिवशी ओटीपी न येण्याचं कारण वेगळंच होतं

८ मार्च २०२१, सोमवार. बँकेचं ॲप उघडलं, ओटीपी मागवला आणि आलाच नाही. कोविनवर लसीची नोंदणी करायची होती, तिथंही तेच. चंदगड भागात असं झालं की पहिला संशय रेंजवर. तिलारीचा घाट उतरताना कॉल कट झाला नाही असा माणूस शोधून दाखवा. पण त्या दिवशी मुंबई-पुण्यातही ओटीपी अडकले होते. अख्ख्या देशात.

विषय असा होता की, स्पॅम रोखण्यासाठी ट्रायने २०१८ मध्ये नियम केले. कंपन्यांनी मेसेजचा साचा आधी डीएलटी नावाच्या यंत्रणेत नोंदवायचा. ८ मार्चला टेलिकॉम कंपन्यांनी प्रत्येक मेसेज त्या साच्याशी ताडून बघायला सुरुवात केली. जुळला नाही की तिथंच बाद. बँकांसकट अनेकांचे साचे नोंदलेले नव्हते किंवा जुळत नव्हते. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही तपासणी ७ दिवसांसाठी थांबवली.

आता पडद्यामागचं बघू. बँकेचं सॉफ्टवेअर थेट तुमच्या फोनवर मेसेज टाकत नाही. ते मेसेज एका रांगेत ठेवतं. तिथून उचलून टेलिकॉम कंपनीला तिला कळेल अशा भाषेत देणारा प्रोग्राम म्हणजे कनेक्टर. याच्या कोडमध्ये एक ओळ बदलली तरी दुसऱ्या डेव्हलपरने ती वाचायची असते. त्याला म्हणतात रिव्ह्यू. मग टेस्ट.

गडबड इथंच होते. टेस्टसाठी समोर खरी टेलिकॉम कंपनी नसते, तिची नक्कल असते. ही नक्कल भलती गुणी, सगळ्याला ‘मिळालं’ म्हणते. खऱ्या बाजूने नियम बदलला तर तिला पत्ताच नसतो. म्हणून चांगल्या टेस्टमध्ये मुद्दाम खोडी काढतात. मेसेज नाकारायचा, मध्येच कनेक्शन तोडायचं, मेसेज पोचला तरी पोच गायब करायची. पोच नाही म्हणून कनेक्टरने तोच मेसेज परत पाठवला, तर ‘५,००० रुपये वजा’ हे दोनदा येतं आणि घरात बोंबाबोंब होते. पैसे एकदाच गेलेले असतात, हे सकाळी बँक उघडल्यावर कळतं.

आणि आपल्या कामाचा मुद्दा म्हणजे मराठी. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत जागा ७० चीच. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘काजू’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात, फोनसाठी ती चार. मेसेज लांबला की तुकडे होतात आणि प्रत्येकात ६७ च मावतात. टेस्ट फक्त ‘हॅलो’ पाठवून केली असेल तर यातलं काहीच दिसत नाही, सगळं हिरवं. पुढे मराठी मेसेज निघाला की तो अर्धवट पोचतो, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं येतात.

तशी प्रश्नचिन्हं आली तर फोन बदलायला धावू नका. बऱ्याचदा घोळ पाठवणाऱ्याकडे असतो. स्क्रीनशॉट काढा आणि तक्रार टाका.