कोदोकानचे शिक्षक कुठे शिकले?

१८७७ साली तोक्यो विद्यापीठात नुकताच दाखल झालेला सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा शहरात हाडवैद्यांच्या पाट्या शोधत हिंडत होता. त्याचं हाड वगैरे काही मोडलेलं नव्हतं. त्याला जुजुत्सू शिकायचं होतं, आणि ही विद्या जाणणारे पुष्कळ लोक तेव्हा मोडलेली हाडं बसवून पोट भरत असत. शोगुनांची सत्ता जाऊन सम्राट मेइजींचा कारभार सुरू झाला होता. सामुराईंच्या कमरेची तलवारही १८७६ च्या हुकुमाने उतरली होती. रेल्वे, तारायंत्र आणि पाश्चात्त्य कवायतीच्या त्या दिवसांत जुन्या युद्धविद्या शिकवणाऱ्यांकडे कोण फिरकणार? तरीही हा किरकोळ अंगाचा, शाळेत दांडग्या मुलांचा मार खाल्लेला मुलगा दारोदार विचारत राहिला. त्याचं नाव कानो जिगोरो. पुढे त्याने ज्युदो ही विद्या आणि कोदोकान ही तिची शाळा उभी केली.

कोदोकानबद्दल लिहिताना बहुतेक लेख कानोंपाशी सुरू होतात आणि ऑलिम्पिकपाशी संपतात. मला मात्र त्या शाळेचे शिक्षक तिथे येण्याआधी कुठे घडले, याचं फार आकर्षण आहे. आपल्याकडे पैलवान आखाड्यात उतरला की लोक आधी विचारतात, कोणत्या तालमीचा, कोणत्या वस्तादाचा पठ्ठा? हाच प्रश्न कोदोकानला लावला, की त्या शाळेचं सामर्थ्य कशात होतं ते उलगडू लागतं.

पहिला प्रश्न खुद्द कानोंना. यागी नावाच्या हाडवैद्याने त्यांना फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे धाडलं. फुकुदा हे तेनजिन शिन्यो-र्‍यू या शाखेचे. पूर्वी शोगुनांच्या ‘कोबुशो’ या लष्करी शिक्षणसंस्थेत त्यांनी काम केलेलं. ठरलेल्या क्रमाने डाव गिरवण्यापेक्षा मोकळ्या झुंजीवर त्यांचा भर असे. नवा डाव दाखवल्यावर कानोंनी विचारलं, हात कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचा? उत्तरादाखल फुकुदांनी त्यांना पुन्हा आपटलं. आणखी एकदा विचारलं, आणखी एकदा आपटलं. या पद्धतीने शिकलेल्या कानोंनी पुढे स्वतःच्या शाळेत व्याख्यानं आणि प्रश्नोत्तरं यांना सरावाइतकंच महत्त्व दिलं, हे मला फार बोलकं वाटतं. गुरूच्या झुंजीचं महत्त्व त्यांनी घेतलं आणि गुरूचं मौन सोडून दिलं.

त्या दिवसांत कानोंचं अंग सोलवटलेलं असे. मलमाचा वास मारायचा म्हणून सोबती चेष्टा करायचे. सरावाचा तो जाडाभरडा, ठिगळं लावलेला अंगरखा कोदोकानच्या संग्रहालयात आजही ठेवलेला आहे. फुकुदांकडे कानेकिची नावाचा एक धिप्पाड ज्येष्ठ शिष्य होता. तो काही केल्या कानोंना आवरेना. मग कानोंनी सुमो कुस्तीचे डाव धुंडाळले, ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीवरची पुस्तकं चाळली आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवा उचलून टाकण्याचा एक डाव बसवला. ‘काता-गुरुमा’ या नावाने तो आजही शिकवला जातो. पुढे घडलेल्या सगळ्याचं बी मला या प्रसंगात दिसतं: उपयोगाचं असेल ते कुठूनही घ्यायचं, आणि घेतल्यावर अंगावर तपासून पाहायचं.

१८७९ च्या ऑगस्टमध्ये फुकुदा वारले. कानो मग इसो मासातोमो यांच्याकडे गेले. इसो साठी ओलांडलेले, ठेंगणे आणि ‘काता’ म्हणजे डावांच्या ठरीव मांडणीत पारंगत. पहिल्या गुरूकडे जे कमी होतं, ते इथे भरून निघालं. इथेच कानो स्वतः इतरांना शिकवू लागले. १८८१ मध्ये इसोही गेले. तिसरे गुरू इइकुबो त्सुनेतोशी. त्यांची शाखा वेगळी, कितो-र्‍यू, आणि तेही पूर्वी कोबुशोमध्ये शिक्षक होते. तेनजिन शिन्यो-र्‍यूमध्ये आवळणं, सांधे जखडणं आणि मर्मावर आघात यांवर भर. कितो-र्‍यूची खासियत मात्र फेकण्याची. पन्नाशी गाठलेले इइकुबो या तरुणाला सहज उडवून देत. एके दिवशी मात्र उलटं घडू लागलं. कानो त्यांना फेकत होते आणि इइकुबोंचा एकही डाव लागू पडत नव्हता. समोरच्याचा तोल आधी ढळवायचा आणि मगच डाव टाकायचा, हे गमक कानोंना सापडलं होतं. ‘कुझुशी’ या नावाने आज ते जगभर पहिल्या महिन्यात शिकवतात. आपल्याकडे आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही, असं इइकुबोंनी मोकळ्या मनाने मान्य केलं. असं म्हणू शकणारा गुरू मिळणं हे कानोंचं भाग्यच.

१८८२ साली तोक्योच्या शिताया भागातल्या एइशो-जी या बौद्ध मंदिरात कोदोकान सुरू झालं. जागा बारा तातामींची (जपानी चटयांची), म्हणजे साधारण बारा फूट बाय अठरा फूट. पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. आपटाआपटीने मंदिराची जमीन हादरे, फळीवरच्या स्मृतिपट्ट्या डगमगत आणि भटजीबुवा वैतागत. कानो रात्री जमिनीखाली शिरून खचलेले टेकू दुरुस्त करत. विशेष म्हणजे इइकुबो आठवड्यातून दोन-तीनदा स्वतः तिथे शिकवायला येत. म्हणजे शाळेचा प्रमुख अजून शिष्यच होता, आणि त्याच्या विद्यार्थ्यांसमोर त्याचा गुरू उभा राहत होता.

आता सुरुवातीच्या शिक्षकांकडे येऊ. ‘कोदोकानचे चार दिक्पाल’ म्हणून चौघे गाजले. तोमिता त्सुनेजिरो कानोंच्या घरी कामाला राहून शिकणारा मुलगा, नोंदवहीतलं पहिलं नाव त्याचं. तो पूर्णपणे कानोंच्या हाताखाली घडला. बाकीचे तिघे मात्र आधी दुसरीकडे तयार झालेले होते. साइगो शिरो आइझू प्रांताचा, चणीने लहान. इनोउए केइतारो यांच्या तेनजिन शिन्यो-र्‍यूच्या शाळेत तो शिकत होता, तिथून कानोंनी त्याला आणलं. योकोयामा साकुजिरो १८८६ मध्ये आला तोही इनोउएंकडूनच. बळकट अंगाचा, ‘राक्षस योकोयामा’ म्हणून ओळखला जाणारा. यामाशिता योशित्सुगु १८८४ मध्ये आला तेव्हा जुजुत्सूच्या दोन जुन्या शाखांचा अभ्यास त्याच्या गाठीशी होता. आपल्या शाळेची कीर्ती पसरवायला कानोंनी कोरी पाटी असलेल्या मुलांची वाट पाहिली नाही. दुसऱ्यांनी मेहनतीने घडवलेली माणसं त्यांनी मागून घेतली आणि त्यांच्या आधीच्या गुरूंचा मान राखला.

१८८३ मध्ये तोमिता आणि साइगो यांना पहिला ‘दान’ मिळाला आणि दर्जे देण्याची जी पद्धत सुरू झाली, तिच्यातूनच आजचा ब्लॅक बेल्ट आला. यामाशिता अमेरिकेत गेले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांनी धडे दिले आणि तिथल्या नौदल अकादमीत शिकवलं. साइगो १८९० मध्ये कोदोकान सोडून नागासाकीला गेला आणि वृत्तपत्राच्या कामात रमला. तोमितांच्या मुलाने पुढे ‘सुगाता सानशिरो’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक साइगोवर बेतलेला मानतात. अकिरा कुरोसावांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट याच कादंबरीवरचा, १९४३ चा.

पुढच्या पिढीतही हीच रीत दिसते. नागाओका हिदेकाझू ओकायामाहून आले ते कितो-र्‍यू शिकूनच. फुसेन-र्‍यूचे तानाबे मातायेमोन यांच्यासमोर जमिनीवरच्या झटापटीत कोदोकानची नावाजलेली मंडळी कमी पडली, तेव्हा त्यांच्या शिक्षणातली उणीव उघडी झाली. इसोगाई हाजिमेंसारख्यांनी मग जमिनीवरच्या डावांचा ध्यास घेतला. १९०६ मध्ये क्योतोला कानोंच्या अध्यक्षतेखाली निरनिराळ्या शाखांचे गुरू एकत्र बसले. योशिन-र्‍यूचे तोत्सुका हिदेमी, शितेन-र्‍यूचे होशिनो कुमोन असे कालपर्यंतचे प्रतिस्पर्धी त्यांत होते. ज्युदोचे पायाभूत ‘काता’ या बैठकीत पक्के झाले. आणि कितो-र्‍यूची जुनी मांडणी कानोंनी ‘कोशिकी-नो-काता’ म्हणून जवळजवळ जशीच्या तशी ठेवली. इइकुबोंची ती आठवण शिक्षक आजही गिरवतात. हाडवैद्यकीचा वारसाही सुटला नाही. १९२० पासून ज्युदोशी जोडलेल्या हाडवैद्यकीला जपानमध्ये कायद्याची मान्यता आहे.

पुढे घडलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शाळा जगप्रसिद्ध झाल्यावर तिथल्या शिक्षकांनी शिकणं थांबवायला हरकत नव्हती. कानोंनी थांबू दिलं नाही. १९२२ मध्ये ओकिनावाचे शाळामास्तर फुनाकोशी गिचिन तोक्योला आले, तेव्हा कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये कराटेचं प्रात्यक्षिक करायला बोलावलं. १९२८ च्या सुमारास त्यांनी जुन्या युद्धविद्यांचा अभ्यासवर्ग काढला आणि कातोरी शिन्तो-र्‍यू या तलवार-भाल्याच्या प्राचीन शाखेचे गुरू शिकवायला आणले. १९३० मध्ये उएशिबा मोरिहेइंची विद्या, म्हणजे पुढची आयकिदो, पाहून आल्यावर त्यांनी आपल्या उत्तम तरुण शिक्षकांना उएशिबांकडे विद्यार्थी म्हणून पाठवलं. त्यांतला मोचिझुकी मिनोरू तेव्हा तेवीस वर्षांचा होता. ज्युदो, केन्दो, कातोरीची तलवार आणि उएशिबांची विद्या, इतकं सारं एका अंगात मुरवून त्याने १९३१ मध्ये शिझुओकाला ‘योसेइकान’ उघडलं. नावारूपाला आलेल्या शाळेचा प्रमुख आपली माणसं दुसऱ्याच्या दारात शिकायला पाठवतो, याला फार मोठं मन लागतं.

एका शिक्षिकेविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फुकुदा केइको या हाचिनोसुकेंच्या नात. आपल्या पहिल्या गुरूच्या घरची मुलगी म्हणून कानोंनी स्वतः त्यांना बोलावलं आणि १९३५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्या कोदोकानच्या महिला विभागात आल्या. पाच फुटांपेक्षाही कमी उंची. ‘जू-नो-काता’ या संथ, डौलदार मांडणीवर त्यांनी असामान्य प्रभुत्व मिळवलं. तरी पाचव्या दानाच्या वर स्त्रियांना बढतीच नव्हती, म्हणून १९५३ पासून जवळजवळ वीस वर्षं त्या एकाच पायरीवर राहिल्या. सहावा दान मिळाला तो १९७२ मध्ये. हा अन्यायच होता. कोदोकानबद्दल कितीही आदर असला तरी तो अन्यायच म्हणायला हवा. त्या सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत राहिल्या. कोदोकानने २००६ मध्ये नववा आणि अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने २०११ मध्ये दहावा दान दिला. २०१३ मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

भारतात हा प्रवाह आला तो रवींद्रनाथ ठाकुरांमुळे. १९०५ च्या सुमारास सानो जिन्नोसुके हे शांतिनिकेतनात जुजुत्सू शिकवत होते. १९२९ मध्ये कोदोकानचे ताकागाकी शिन्झो तिथे आले आणि मुलांबरोबर मुलीही शिकू लागल्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता त्यांतल्याच एक.

आज तोक्योच्या कासुगा भागात कोदोकानची आठ मजली इमारत आहे. मुख्य दालनच चारशे वीस तातामींचं आहे. आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत ज्युदो-कराटेचे वर्ग निघालेत. पालक हौसेने मुलांची नावं घालतात, पांढरा गणवेश शिवून घेतात, पट्ट्याच्या परीक्षांची फी भरतात. फलकावर सरांच्या नावापुढे ‘ब्लॅक बेल्ट’ आहे एवढं पाहून बहुतेकांचं समाधान होतं. माझी पालकांना विनंती आहे: थोडं पुढे जा. सरांना त्यांच्या गुरूंचं नाव विचारा. त्यांच्याकडे किती वर्षं शिकलात, दान कोणत्या संघटनेने दिला, मुलाचा हात मुरगळला तर लगेच काय करायचं ते शिकलात का, हेही विचारा. सध्या तुम्ही स्वतः कोणाकडे शिकता, हे तर नक्की विचारा. उत्तरं ऐका, एक दिवस वर्गाच्या कडेला बसून शिकवणं पाहा आणि मगच फी भरा.