वेळूच्या तलवारी आणि शिलकीचा हिशेब

जपानी खड्गविद्येची जी आधुनिक शाखा ‘केंडो’ या नावाने जगभर शिकविली जाते, तिच्या विद्यार्थ्याने सरावाच्या वेळूच्या तलवारी स्वतःपाशी किती बाळगाव्यात, हा प्रश्न वरकरणी ऐपतीचा किंवा हौसेचा वाटतो. परंतु तो थोडा खोलवर तपासला असता त्याचा अर्धा भाग वनस्पतिशास्त्राच्या व अर्धा संभाव्यतेच्या गणिताच्या दफ्तरात नोंदलेला आढळतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यातून त्याकडे पाहण्यात विशेष सोय अशी, की येथे वेळू रानात उभा आहे, बुरुडाच्या दारात पडलेला आहे, आणि ही विशिष्ट तलवार मात्र समुद्रापलीकडून मागविल्याखेरीज मिळत नाही.

या तलवारीला ‘शिनाई’ म्हणतात. ती एक सबंध काठी नव्हे. बांबूच्या चार कामट्या तासून, त्यांची पाठ बाहेर व पोट आत राहील अशा रीतीने त्या एकत्र जुळवितात. मुठीवर व टोकाला चामड्याची टोपणे चढवितात, दोन्ही टोपणे पाठीवरून ताणलेल्या एका दोरीने बांधतात आणि टोकाकडील भागावर चामड्याची एक पट्टी आवळतात. प्रौढांच्या सामन्यांसाठी हिची लांबी १२० सेंटिमीटरांहून अधिक असू नये आणि पुरुषांच्या बाबतीत वजन ५१० ग्रॅमांहून कमी असू नये, असा नियम आहे. सोळाव्या शतकात बांबू अनेक ठिकाणी चिरून चामड्याच्या पिशवीत घालण्याचा जो प्रघात पडला, त्याचे श्रेय परंपरा कामिइझुमि नोबुत्सुना या खड्गपंडिताला देते. चार कामट्यांचे आजचे रूप व त्याबरोबरचे चिलखत अठराव्या शतकात स्थिरावले.

चारच कामट्या का, आणि त्या सुट्या का, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. एकावर एक ठेवलेल्या सारख्याच जाडीच्या दोन फळ्या सरसाने चिकटविल्या तर त्यांना वाकविण्यास जो जोर लागतो, त्याच्या केवळ चतुर्थांश जोर त्या सुट्या असताना लागतो. कारण सुट्या फळ्या वाकताना एकमेकींवरून सरकतात. शिनाईच्या कामट्याही आघाताच्या क्षणी अशाच किंचित सरकतात, फाकतात व पुन्हा मिटतात. त्यामुळे आघाताचा काल लांबतो आणि काल लांबला म्हणजे बलाची कमाल मर्यादा उतरते. प्रतिपक्षाचे मस्तक वाचते ते या सरकण्यामुळे, अर्थात शिरस्त्राणाच्या साहाय्याने. आपल्याकडील आखाड्यांनी हाच पेच निराळ्या मार्गाने सोडविला. फरी-गदग्याच्या खेळात तलवारीच्या जागी चामडे मढविलेली काठी, म्हणजे गदगा, आणि ढालीच्या जागी लहानशी फरी येते. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले खेळाडू भारतीय व्यायामप्रकार दाखविण्यासाठी पाठविणाऱ्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे अशा देशी विद्यांविषयीची आस्था वऱ्हाडात पुष्कळ टिकून राहिली. गदग्याची गादी बाहेर आहे, शिनाईची तिच्या रचनेतच आहे. आणि जी वस्तू रचनेनेच सरकते ती झिजते, हा तिचा ठरलेला मोबदला होय.

आता वेळूकडे वळू. बांबू हे गवत आहे, ही गोष्ट शाळेतील मुलालाही ठाऊक असते; पण तिचे परिणाम फारसे कोणी ध्यानी घेत नाही. झाडाचा बुंधा वर्षानुवर्षे जाड होत जातो. बांबूचा कोंब जमिनीतून जेवढ्या घेराचा निघतो तेवढ्याच घेराचा अखेरपर्यंत राहतो, आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढील तीन ते पाच वर्षे तो वाढत नाही, पिकतो. म्हणजे त्याच्या पेशींच्या भिंती जाड व काष्ठमय होत जातात. त्याच्या अंतर्भागाचा तपशील पाहिला तर स्थूलमानाने निम्मा भाग मऊ पेशींचा, ४० टक्के चिवट तंतूंचा आणि १० टक्के रसवाहिन्यांचा भरतो. हे तंतू सर्वत्र सारखे पसरलेले नसतात: बाहेरच्या सालीजवळ त्यांची दाटी असते व आत पोकळीकडे ते विरळ होत जातात. वाऱ्याने वाकणाऱ्या नळीवर सर्वाधिक ताण बाहेरच्या कडेला पडतो, आणि निसर्गाने तेथेच तंतूंचा भरणा केला आहे. शिनाईचा कारागीर कामटीची पाठ शक्य तितकी न छेडता पोटाकडूनच तासतो, यामागे हेच कारण आहे.

यवतमाळच्या सागवानी रानांत जो बांबू प्रामुख्याने आढळतो तो मानवेल, म्हणजे भरीव किंवा जवळजवळ भरीव जातीचा. लाठीसाठी याच्याइतका उत्तम वेळू नाही. ब्रिटिश घोडदळाच्या भाल्यांचे दांडे त्याचेच असत. शिनाईसाठी मात्र तो उपयोगाचा नाही, कारण तिच्या कामटीला लांब पेराचा, मोठ्या घेराचा, सरळ धाग्याचा पोकळ बांबू लागतो. जपानात तो ‘मदाके’ जातीचा वापरीत, आणि अलीकडे पुष्कळसा माल तैवान व चीन येथील बांबूचा येतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील कोलामपोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, टोपल्या व तट्टे विणणारे हात कामटी उत्तम काढतात, पण रानातला बांबूच निराळा. त्याला इलाज नाही.

तलवार मरते कशी, तेही पाहिले पाहिजे. पहिला प्रकार कडेचा. कामट्यांच्या कडा एकमेकींवर घासून त्यांतून बारीक कूस निघते; ती वेळीच कानशीने घासून काढली नाही तर मोठी होते, आणि शिरस्त्राणाच्या लोखंडी जाळीतून आत शिरलेली कूस डोळा घेऊ शकते. म्हणूनच सरावापूर्वी व सरावानंतर तलवार न्याहाळण्याचा दंडक आहे. दुसरा प्रकार शिणण्याचा: प्रत्येक आघाताने सूक्ष्म चीर तंतूंच्या दिशेने केसभर पुढे सरकते, आणि एके दिवशी कामटी उभी फाटते. तिसरा प्रकार हवेचा, आणि आमच्या जिल्ह्यात तो सर्वांत घातक. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा हवा बांबूतील ओलावा शोषून घेते. असा वाळलेला बांबू संथ भाराखाली अधिक ताठ वाटतो, परंतु आघाताखाली ठिसूळ ठरतो. मग आषाढ-श्रावणात तोच पुन्हा ओलावा पितो, फुगतो, आणि आकुंचन-प्रसरणाच्या या वार्षिक फेऱ्यात चिरा रुंदावतात. कामट्यांना तेल चोळण्याचा उपचार बांबूला बळ देत नाही. ओलाव्याची ही देवघेव तो केवळ मंद करतो. चौथा शत्रू भुंगेरा. मऊ पेशींत साठलेल्या पिष्टावर तो जगतो, आणि म्हणूनच पावसाळा सरल्यावर, वेळूतील पिष्ट कमी असताना तोड करावी व तोडलेला बांबू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, ही जुनी रीत शास्त्राला धरून आहे. वेळू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडावा, या नियमाचा मात्र चंद्राशी काही संबंध असेलच असे नाही.

आता हिशेब. समजा, एक तलवार सरासरीने चार महिन्यांत निकामी होते, आणि नवी मागविल्यापासून हाती पडेपर्यंत दोन महिने जातात. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. त्या दोन महिन्यांच्या मुदतीत सरासरीने अर्धी तलवार मोडेल. अर्धी तलवार अर्थातच मोडत नाही. एकतर एकही मोडत नाही, किंवा एक, किंवा दोन. अशा विरळ आणि परस्परांशी असंबद्ध घटनांचे गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी मांडले, आणि त्याचे अविस्मरणीय उदाहरण १८९८ साली बोर्टकीविच यांनी प्रशियाच्या सैन्याच्या दफ्तरांतून काढले. दहा सैन्यदलांच्या वीस वर्षांच्या, म्हणजे एकूण २०० नोंदींत घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची संख्या १२२ होती. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकीत चार. सूत्राने शून्याचा रकाना १०८.७ इतका काढला होता. मृत्यूसारख्या अवचित गोष्टीने सूत्राशी इतके इमान राखावे, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

तेच सूत्र आपल्या तलवारींना लावू. एकच तलवार असेल तर त्या दोन महिन्यांत हात रिकामे राहण्याचा संभव सुमारे ३९ टक्के. दोन असतील तर ९ टक्के. तीन असतील तर सुमारे दीड टक्का. आणि चौथी घेतल्यास तो एक टक्क्याच्या पंचमांशावर येतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर लाभ मोठा आहे, तिसरीवर माफक, आणि चौथीवर पैसा केवळ मनाच्या समाधानाकडे जातो. तीन तलवारींचा संकेत बहुतेक आखाड्यांना परवडावा तो यामुळेच, मग एक हातात, एक तयार आणि एक दुरुस्तीत अशी वाटणी असो वा नसो.

यात तलवारीच्या टिकाऊपणाइतकेच वजन पुरवठ्याच्या मुदतीला आहे. घाटंजीच्या किंवा पांढरकवड्याच्या लाठी खेळणाऱ्या मुलाची काठी मोडली आणि बुरुडाकडे दुसरी त्याच संध्याकाळी मिळाली, तर त्याला एकच काठी पुरते; सूत्रात मुदत दिवसाची घातली की शिलकीची गरज जवळजवळ शून्यावर उतरते. मात्र बुरुडाच्या दारापर्यंत बांबू पोहोचण्याची मुदत केवळ रानावर अवलंबून नव्हती. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला वृक्ष ठरविले होते, त्यामुळे तोड व वाहतूक परवान्याच्या अधीन होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजांत गणले, आणि वनाबाहेरील बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती २०१७ साली झाली. गवताला गवत म्हणण्यास सरकारला नव्वद वर्षे लागली.

सूत्रातील एक गृहीत मात्र डोळे मिटून मान्य करता येत नाही. तलवारी एकमेकींपासून स्वतंत्रपणे मोडतात, असे ते धरून चालते. परंतु तिन्ही एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातून घेतल्या, एकाच कोपऱ्यात ठेवल्या आणि एकाच वैशाखात वाळल्या, तर त्या कागदावर तीन असून व्यवहारात एकच. बांबूच्या बाबतीत ही शंका अवाजवी नाही, कारण समकालीन मरण हा या वनस्पतीचा कुलधर्मच आहे: मानवेल कित्येक दशके फुलत नाही, आणि फुलला म्हणजे पुष्कळदा सबंध रान एकदम फुलून वाळून जाते. मदाकेचे हे चक्र सुमारे १२० वर्षांचे मानतात, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो जपानभर एकदम फुलला. त्या वेळी ज्या कारागिरांची सारी भिस्त एकाच जातीच्या बेटांवर होती, त्यांच्या वखारीत कितीही माल असला तरी तो एकाच फांदीवर बसलेला होता.

यवतमाळच्या विद्यार्थ्याने तेव्हा तीन तलवारी घ्याव्यात, पण एकदम घेऊ नयेत. एक पावसाळ्याच्या आरंभी, दुसरी हिवाळ्यात, तिसरी जमल्यास निराळ्या कारखान्याची. प्रत्येकीच्या मुठीवर महिना व साल शाईने लिहावे, चैत्र-वैशाखात त्या पत्र्याच्या छपराखाली ठेवू नयेत, आणि एक मोडली की उरलेल्या तीन चांगल्या कामट्या टाकून न देता त्याच मापाच्या पुढल्या मोडीसाठी बांधून ठेवाव्यात. कार्बनच्या तंतूंची शिनाईही मिळते. ती महाग असते, वर्षानुवर्षे टिकते आणि वैशाखाला भीत नाही. ज्याला ती परवडते व जिचा ताठ स्पर्श ज्याच्या मनगटाला मानवतो, त्याला वरील हिशेब पाहण्याचे कारण उरत नाही.