गरजेचा शोध : गनियारीच्या दवाखान्यातून फुलवारीकडे

रायपूर - गावाची नेमकी गरज कोणती, हे ठरविण्यासाठी स्वयंसेवी संस्था सहसा प्रश्नावली घेऊन घरोघरी जातात. छत्तीसगडमधील ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेला याचे उत्तर बऱ्याच अंशी दवाखान्यातील वजनकाट्याने दिले.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या काही डॉक्टरांनी २००० च्या सुमारास बिलासपूरजवळील गनियारी येथे रुग्णसेवा सुरू केली. अचानकमारच्या जंगलपट्टीतील आदिवासी रुग्ण तेथे येऊ लागले. त्यांत क्षयरोगी मोठ्या संख्येने होते. त्यांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या क्षयाच्या १,६९५ प्रौढ रुग्णांपैकी निम्म्या पुरुषांचे वजन सुमारे ४२ किलोपेक्षा आणि निम्म्या स्त्रियांचे सुमारे ३४ किलोपेक्षा कमी होते. चौतीस किलो हे प्रौढ स्त्रीचे वजन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ औषधे देऊन भागणार नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

संस्थेत पूर्वी कार्यरत असलेल्या डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव यांनी पुढे झारखंडमध्ये याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. क्षयरुग्णाच्या कुटुंबाला पुरेसे धान्य दिल्यास घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णांना पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देणाऱ्या केंद्र शासनाने २०२४ मध्ये ही रक्कम १,००० रुपये केली.

उपासमारीची दुसरी बाजू गावात फिरताना दिसली. आई-वडील शेतावर किंवा मजुरीला गेले की तान्ह्या मुलांना सांभाळण्याचे काम थोरल्या भावंडांकडे, बहुधा बहिणीकडे येते. धाकटे मूल दिवसभर जवळजवळ उपाशी राहते आणि थोरलीची शाळा सुटते. अंगणवाडीची शाळापूर्व व्यवस्था तीन वर्षांपुढील मुलांसाठी असते. त्याहून लहान मुलांना घरी नेण्यासाठी शिधा मिळतो. पण तो शिजवून भरवणारे मोठे माणूस त्या वेळी घरात नसते. नेमकी हीच उणीव हेरून संस्थेने सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे सुरू केली. गावातीलच स्त्री मुलांना सांभाळते, सातू व खिचडी भरवते. वजनाची नोंद येथेही ठेवली जाते.

रायपूर येथील राज्य आरोग्य संसाधन केंद्राच्या साहाय्याने सरगुजा भागात २०१२ च्या सुमारास याच नावाची शासकीय योजना आकाराला आली. तिच्यात गरोदर व स्तनदा मातांच्या जेवणाचीही सोय करण्यात आली आणि मुले सांभाळण्याचे काम मातांनी आळीपाळीने करावे, अशी रचना ठेवण्यात आली.